नवरात्रातली दिवेमोजणी

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती आणि धाराशिवला वीज येणार अशी आवई उठली होती. सरकारी कागदावर गावाचं नाव उस्मानाबाद, लोकांच्या तोंडात धाराशिव. "मग ईज नेमकी कुठल्या गावात येनार?" असं आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्यानं अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं होतं, तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. पुढं त्याच विजेपायी माझ्या डोक्याचा जो भुगा झाला, तो पाहता त्या म्हाताऱ्याचंच डोकं ठिकाणावर होतं म्हणायचं.

मी तेव्हा विशीत होतो. घरात मराठी, शाळेत उर्दू आणि पेठेतल्या व्यापाऱ्यांकडून उचललेलं कामापुरतं कानडी, एवढ्या भांडवलावर नोकरी शोधत होतो. विजेच्या कामासाठी हैदराबादहून एक इंजिनिअर साहेब आले होते. गावाला किती वीज लागेल याचा अंदाज करायचा आणि त्यावरून इंजिन केवढं मागवायचं ते ठरवायचं, हे त्यांचं काम. त्यासाठी घरोघर जाऊन दिवे मोजणारा, उर्दू लिहिणारा माणूस त्यांना हवा होता. कचेरीतल्या पेशकारानं, म्हणजे वरच्या कारकुनानं, माझं नाव सांगितलं. नोकरी हंगामी होती, पण योजना मंजूर झाली की वीजघरात कायमचा कारकून करू, असं साहेबांनी स्वतः कबूल केलं होतं.

कायमची नोकरी आमच्या घराला हवीच होती. घर म्हणजे मी आणि आत्या. आईवडील मला आठवतही नाहीत. आत्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली आणि तिनं मला वाढवलं, तेही जात्यावर. गल्लीतल्या पाच-सात घरांची ज्वारी ती दळून द्यायची, बदल्यात धान्य मिळायचं आणि त्यात आमच्या भाकरी व्हायच्या. तिचा उजवा खांदा धरू लागला होता. मी करडईचं तेल कोमट करून चोळून द्यायचो. पण बायांनी विषय काढला की ती ताठ बसून सांगायची, "म्या कुणाच्या दारात हात पसरला न्हाय. माझ्या जात्यानं पोरगं शिकिवलंय." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की आत्याचा जीव त्या जात्यात आहे, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

साहेबांनी छापील नमुन्यांचा गठ्ठा दिला. रकाने चार. घर कुणाचं, दिवे किती, रोज किती तास जळतात आणि कोणत्या वेळी. मी काहीतरी शंका काढणार तेवढ्यात ते म्हणाले, "मियाँ, जो पूछा सो लिखो. अक्कल नक्को चलाओ." साहेब माणूस चांगला होता, येता-जाता चहा पाजायचा, पण शंका म्हटली की कपाळाला आठी. तास कशाला विचारतात आणि त्या आकड्यांचं पुढं काय होतं, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पहिल्याच दिवशी मी चक्रावलो. रॉकेल तेव्हा कंट्रोलवर मिळायचं. अर्ध्या गावाला वाटलं, दिव्यांच्या हिशेबानं रॉकेल वाढवून मिळणार. उरलेल्या अर्ध्याला वाटलं, दिव्यांवर पट्टी बसणार. त्यामुळं एका घरात तीन माणसं आणि अकरा कंदील, तर शेजारच्या घरात चौदा माणसं आणि एक चिमणी. एके ठिकाणी दिवेलागणीला पोचलो. "दिवा न्हायच आमच्यात, आमी अंधारातच जेवतो," असं मालक सांगत होता आणि त्याच्या मागं घाईनं पालथ्या घातलेल्या डालग्यातून धूर निघत होता. मी डालग्याकडं पाहिलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"कोंबडी हाय," तो म्हणाला.

धूर काढणारी कोंबडी मी जन्मात पाहिली नव्हती. पण साहेबांचा हुकूम आठवला आणि दिव्यांच्या रकान्यात शून्य मांडून मी पुढच्या दाराला गेलो.

पेठेत एका धान्याच्या व्यापाऱ्याचं घर होतं. कपाळाला आडवी विभूती, गळ्यात लिंग, बोलणं कानडीच्या वळणाचं. सगळ्या गावात मला उलट प्रश्न विचारणारा हा एकटाच भेटला. "दिवे राहू द्या हो. ही वीज दिवसा पण राहते काय?" मी म्हणालो, ठाऊक नाही. "दिवसा राहत असेल तर मी पिठाची गिरणी टाकतो. तुमच्या साहेबांना विचारून सांगा." मी नमुन्यात गिरणीचा रकाना शोधला. तो नव्हता, म्हणून लिहिलं काहीच नाही.

असं चार-पाच दिवस चाललं आणि मग घट बसले. साहेब दुसऱ्या गावच्या कामाला निघून गेले होते आणि परत यायच्या आत मोजणी पुरी करा म्हणून बजावून गेले होते. त्यामुळं जवळजवळ सगळं गाव मी त्या नऊ दिवसांतच मोजलं. तुळजापूरची देवी इथून पायी चालत जाण्याच्या अंतरावर. साहजिकच घरोघर घट, आणि घटापाशी नऊ दिवस नऊ रात्री तेवणारा दिवा. गंमत अशी की कंदील लपवणारी माणसंसुद्धा देवीच्या दिव्याबद्दल खोटं बोलेनात. "एक दिवा. रातंदिस. इझू देत न्हाय." दारोदार हेच उत्तर, आणि बाया आत नेऊन दाखवायच्याही. इतक्या खोट्या आकड्यांत मला एक खरा आकडा सापडला होता. मला फार बरं वाटलं.

तरी मनात किडा वळवळत होताच. मी पेशकाराकडं गेलो. म्हटलं, "हे दिवे नवरात्रापुरते आहेत. लिहायचे का?"

पेशकारानं तोंडातलं पान एका गालात सारलं. "दिवा जळतो का?"

"जळतो."

"किती तास?"

"चोवीस."

"किती दिवस, असा रकाना आहे का तुझ्या नमुन्यात?"

"नाही."

"मग?"

 मी लिहीत गेलो. एक दिवा, चोवीस तास. पुढचं घर, एक दिवा, चोवीस तास. आमच्या घराचा नमुनाही मीच भरला. देवघरात देवीचा आणि सोनारीच्या भैरोबाचा टाक, समोर घट, दिवा एक, चोवीस तास. आत्या शेजारी बसून बघत होती. तिला अक्षर येत नव्हतं. "खरं लिव्हलंस न्हवं? मग झालं," म्हणाली.

दिवाळी उलटल्यावर साहेब परतले. आठ दिवस त्यांनी माझे नमुने आणि आपलं गणित यांत डोकं घातलं आणि मग मला बोलावून चौकटींचा एक मोठा कागद पुढं पसरला. कागदावर पेन्सिलीची एक रेघ होती. दिवसाच्या कोणत्या तासाला गावाला किती वीज लागेल, ते त्या रेघेवरून कळायचं. संध्याकाळी तिचा डोंगर उभा राहत होता. तो सगळ्याच गावांत राहतो, असं ते म्हणाले. पण आमच्या गावात ती रेघ सकाळी खाली येईचना. भर दुपारी जमिनीपासून चांगली वर, सपाट माळावरून चालल्यासारखी चालली होती. साहेबांनी असं गाव पाहिलं नव्हतं.

"दूसरे गाँवां में दिन कू कुछ नै रहता. इधर तो हर घर में दिन भर बत्ती! घर अंधेरे हैं क्या?"

आमची घरं माळवदाची. हात-दीड हात जाडीच्या भिंती, खिडकी म्हणजे एखादा झरोका. मी म्हणालो, "जी, अंधार लई असतो." त्यात खोटं काय होतं?

मग साहेबांनी मला पहिल्यांदा सगळं समजावून सांगितलं. दिवसा कुणी वीज वापरत नाही, मग रिकामं इंजिन चालवून तेल कशाला जाळायचं? म्हणून लहान गावांना फक्त संध्याकाळची वीज देतात. पण तुमच्या गावाला दिवसाही वीज लागते, तर आपण मोठं इंजिन मागवू आणि ते दिवसाही चालवू. एकदा दिवसा वीज आली की मोटारीवर काय वाटेल ते चालेल. मी व्यापाऱ्याच्या गिरणीचं सांगितलं. "चक्की भी? बहुत अच्छे!" म्हणून त्यांनी तेही टिपून घेतलं. चार दिवसांत कागद सहीसाठी हैदराबादला जाणार होते. वीजघराच्या कारकुनाची जागाही त्यातच होती. ती माझीच, असं म्हणून साहेबांनी पाठीवर थाप मारली.

मी हवेत तरंगतच घरी आलो. दुपारची वेळ होती. बाहेरच्या उन्हातून आत शिरलो तर डोळ्यांपुढं काही दिसेना. ठेच लागली आणि मी आत्याच्या सुपावर आडवा झालो. निम्मी ज्वारी जमिनीवर गेली.

"दिवा तरी लावून ठेवावा की!" मी चिडून ओरडलो.

"दिसाचा दिवा?" जातं थांबवून आत्या म्हणाली. "घट उठून म्हैना झाला की रं."

मी तसाच खाली बसून राहिलो. मग उठलो आणि चप्पल न घालता गल्लीत निघालो. पहिल्या दारात डोकावलो, अंधार. दुसऱ्या दारात अंधार. त्या कोंबडीवाल्याच्या घरातही अंधार. एका बाईनं विचारलं, "काय हरपलं का मास्तर?" उर्दू लिहिणाऱ्या माणसाला लोक उगाचच मास्तर म्हणायचे. तिला काय सांगणार? साहेबांच्या कागदावरची सगळी दुपारच हरपली होती. अख्ख्या गावात दिवसा एक दिवा जळत नव्हता आणि त्या न जळणाऱ्या दिव्यांसाठी मोठं इंजिन यायचं होतं.

आणि त्याच फेरीत दुसरी गोष्ट डोक्यात शिरली. इतके दिवस ती शिरली कशी नाही, याचं मला अजून नवल वाटतं. दिवसाची वीज आली की गिरणी येणार. गिरणी आली की गल्लीतली ज्वारी गिरणीत जाणार. मग आत्याच्या जात्याचं काय?

पुढचे तीन दिवस माझं डोकं जागेवर नव्हतं. साहेबांना सांगावं, तर दिवसाचं इंजिन जाणार आणि माझी नोकरीही बहुधा त्याच्याबरोबर जाणार. न सांगावं, तर नोकरी मिळणार, पण ती नसलेल्या दिव्यांवर. शिवाय ते इंजिन महिन्याभरात रिकामं धावताना दिसलं की पहिली मान माझी धरणार. नोकरी लागली तर आत्यानं दळायची गरजच काय, असं एकदा वाटे. लगेच तिचं ते ताठ बसणं आठवे. म्हातारपणी तिच्या हातातलं एकुलतं मानाचं काम माझ्याच हातानं काढून घ्यायचं? इकडं आड, तिकडं विहीर. जेवताना मी घास तोंडाशी नेऊन थांबायचो. "जेवतोस का नुस्ता बगतोस?" आत्या विचारायची.

तिला विचारावं असं मात्र एकदाही मनात आलं नाही. गावभर दारोदार विचारत हिंडलो होतो, घरातल्या माणसाचं उत्तर मला पाठ होतं.

चौथ्या दिवशी सकाळी साहेबांकडं गेलो आणि सगळं सांगून टाकलं. मी खरं बोलायला गेलो होतो, असं पुढं पुष्कळ वर्षं मी लोकांना सांगत आलो. निम्मं ते खरं आहे. निम्मं कारण जातं होतं.

साहेबांनी ऐकता ऐकता पेनाला टोपण लावलं.

"नौ दिन?"

"जी."

"साल में नौ दिन?"

"जी."

ते आधी हसले. इतके हसले की बाहेरचा चपराशी आत डोकावला. मग त्यांनी तो चौकटींचा कागद ओढला, खोडरबर घेतला आणि दुपारची रेघ पुसायला सुरुवात केली. बराच वेळ पुसत होते. "दिन का इंजन गया," शेवटी ते म्हणाले. "एक चक्की के वास्ते दिन भर इंजन नै चलता. अब हिसाब नया, मंजूरी नई, सब सिरे से. पैले बोलना था, मियाँ." अक्कल नक्को चलाओ असं आपणच म्हणाला होतात, हे माझ्या ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नेहमीसारखा चहा मागवला.

साहेब कागद घेऊन गेले ते गेलेच. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, इथं वर्ष उलटलं. त्यापुढच्या वर्षी तर मुलखात अशी धामधूम माजली की लोक होते ते दिवेही मालवून, दारं लावून बसू लागले. अनेक घरं तर रातोरात सरहद्द ओलांडून सोलापूरकडं निघून गेली. मग हैदराबादचं राज्य बदललं. विजेची योजना कुठल्या तरी कचेरीत कापडात गुंडाळून पडली असणार, आणि तिच्याबरोबर माझी कारकुनीही. मला पुढं शाळेत नोकरी लागली आणि बायांचं बोलणं खरं होऊन मी मास्तर झालो.

या सगळ्या काळात आत्या दळत होती. तिचा उजवा हात आता डोक्यापर्यंत जात नव्हता. पदर सावरायचा तर डाव्या हातानं. नोकरी लागल्यावर मी म्हणालो, "आत्या, आता पुरे करा." त्यावर ती म्हणाली, "आन् गल्लीतल्या बायांनी कुठं जावं? त्यास्नी लेकरं हायत." मला वाटलं, बघा, जातं सुटत नाही हिच्यानं. मनातल्या मनात मी स्वतःला शाबासकीही दिली. कागद तसेच सहीला गेले असते तर दिवसाची वीज आली असती का, की इंजिन आमच्या जवळच्या येडशीच्या रेल्वे स्टेशनात गंजत पडलं असतं, याचा विचार करकरून मी थकलो. मला आजही ते कळत नाही. कळलं असतं तर निदान स्वतःला नेमकी शिवी तरी देता आली असती.

राज्य बदललं त्याच्या पुढच्या वर्षी त्या व्यापाऱ्यानं विजेची वाट बघणं सोडलं आणि तेलाच्या इंजिनावर चालणारी गिरणी आणली. पेठेच्या टोकाला पत्र्याचं छप्पर, वर एक नळकांडं, आणि दिवसभर पुक पुक असा आवाज. गिरणी सुरू झाली त्या दिवशी रविवार होता. मी ती बातमी आत्याला कशी सांगावी या विवंचनेत होतो. सकाळी उठून बघतो तर आत्यानं पाटीत ज्वारी भरून वर फडकं बांधून ठेवलं होतं.

"उचल," ती म्हणाली. "मला वर घेववत न्हाय."

"कुठं?"

"गिरणीवर. दुसरं कुठं?"

मी पाटी डोक्यावर घेतली. आत्या माझ्यापुढं अशी भराभर चालली की मला पळावं लागलं. गिरणीवर अजून दोन-चारच बाया होत्या. आत्यानं त्यांना बाजूला सारून पहिला नंबर लावला. ज्वारी वरून पडली, पट्टा फिरला आणि खालच्या डब्यात पीठ येऊ लागलं. आत्यानं डावा हात आत घातला. "ऊन हाय की रं," म्हणाली आणि हात तसाच पिठात ठेवून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं, जात्यासाठी.

"आत्याबाई, तुमचं काम गेलं की आता," मागची एक बाई म्हणाली.

"गेलं तर जाऊ द्या," आत्या म्हणाली. "म्या काय हौसंनं वढत व्हते व्हय जातं? खांदा जळत व्हता माझा. पोरगं लहान व्हतं, म्हनून वढलं. मग कुणाला न्हाय म्हनायची सोय न्हवती, म्हनून वढलं."

व्यापारी पट्ट्यापाशी उभा होता. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून तो म्हणाला, "गिरणी तेव्हाच यायची होती, आत्याबाई. विजेवर. कागद पण तयार होते. अखेरीला कुणीतरी मोडता घातला म्हणतात."

त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. त्याला काही ठाऊक होतं असंही वाटत नाही. पण मी डब्यातल्या पिठाकडं बघत राहिलो.

"तवाच?" आत्यानं विचारलं. "म्हंजी तीन वरसं झाली की!" तिनं पिठातला हात काढला आणि उजव्या खांद्यावर ठेवला. मग म्हणाली, "कुणी घातला आसंल मोडता, त्याच्या घरात दळनारी बाई नसंल."

मी पाटी भरून घेतली. पीठ फडक्यातूनही गरम लागत होतं. घरी येईपर्यंत ती गिरणीबद्दलच बोलत होती आणि मी व्हय व्हय म्हणत तिच्या मागून चालत होतो.